बर्नसाहेबांनी डाव का सोडला?

सहामाहीचे पेपर तपासून संपले त्याच रात्री आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, मिठाचे भांडे आणि माझा चष्मा बाजूला सारला आणि तिथे बुद्धिबळाचा पट मांडला.

"आई, जरा बस इथं. तुला एक डाव दाखवतो."

हातातल्या वहीत बघत त्याने दोन्ही बाजूंची मोहरी भराभर हलवायला सुरुवात केली. एकवीस चाली झाल्या आणि हात थांबला.

"संपला."

"संपला? कोण जिंकलं?"

"काळा."

मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. माझे बुद्धिबळ आमच्या मामांच्या ओटीवर शिकलेले. तिथे मात झाल्याखेरीज डाव संपत नसे आणि प्याद्याने मात केली तर मामा शेजारच्यांना हाक मारून पट दाखवीत. त्या शिक्षणाच्या आधारावर मी पट न्याहाळला. पांढरा राजा जिवंत, त्याचा वजीर जिवंत, दोन्ही हत्ती जागेवर. मोजून पाहिले तर पांढऱ्याकडे एक मोहरा उलट जास्तच!

"अरे, पण हा हरलाय कुठं?"

"तेच तर! सरांनी तेच विचारलंय. यानं डाव का सोडला, ते लिहून आणायचं."

लिहिण्याचे काम म्हटले की आमच्या घरात ते माझ्याकडे येते. मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली, त्याचा हा एक तोटा. पण या प्रश्नाने मला असे धरून ठेवले की चिरंजीवांची वही पंधरा ओळींत भरली तरी माझे लिहायचे राहूनच गेले. ते आता दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवते आहे. बुद्धिबळ येत नसेल त्यांनी पान उलटू नये. घोडा अडीच घरे चालतो आणि उंट तिरका जातो, एवढे ठाऊक असले तरी पुरे.

ही गोष्ट घडली न्यूयॉर्कमध्ये, १९६३ च्या डिसेंबरात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा चालू होती. बारा खेळाडू, प्रत्येकाचे अकरा डाव. काळी मोहरी घेऊन बसला होता वीस वर्षांचा बॉबी फिशर. पुढे १९७२ साली रेक्याविकला बोरिस स्पास्कीला हरवून जगज्जेता झाला तोच हा. या स्पर्धेत त्याने अकराच्या अकरा डाव जिंकले. त्या दर्जाच्या स्पर्धेत एकही डाव न गमावणे ही मोठी गोष्ट. इथे तर एक बरोबरीसुद्धा नव्हती.

पांढरी मोहरी होती रॉबर्ट बर्न यांची. हे कोणी नवशिके नव्हते. वय पस्तीस, आंतरराष्ट्रीय मास्टर, पुढच्याच वर्षी ग्रँडमास्टर झाले. १९७२ साली त्यांनी स्वतः अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षापासून २००६ पर्यंत न्यूयॉर्क टाइम्समध्ये बुद्धिबळाचे सदर चालवले. मुख्य म्हणजे हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. इंडियाना विद्यापीठात शिकवलेले. आमच्याच बिरादरीतले म्हणून की काय, माझा ओढा पहिल्यापासून त्यांच्याकडे.

आता डाव पाहू. सुरुवात इतकी सौम्य की बघणाऱ्याला जांभई यावी. सहा चालींनंतर दोन्हीकडची प्यादी अशी दिसतात की एका बाजूने दुसरीकडे आरशात पाहावे. मग बाराव्या चालीला फिशरने मधले प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि आरसा फुटला. त्यामुळे त्याचे दुसरे एक प्यादे मध्यभागी एकटे पडणार होते. एकटे प्यादे म्हणजे कायमची काळजी. त्याला सांभाळणारे दुसरे प्यादे शेजारी नसते. बर्न यांनी त्या एकट्यावर दाब आणण्यासाठी चौदाव्या चालीला एक हत्ती मधे आणला.

सारे इथेच घडले. मधे आणायला हत्ती दोन होते. त्यांनी राजाच्या शेजारचा उचलला. दिसायला साधी गोष्ट, पण तो हत्ती उठला आणि राजाजवळच्या एका प्याद्याची राखण एकट्या राजावर येऊन पडली. घर बदलताना सामान नीट हलवावे आणि मागच्या दाराची कडी लावायची राहून जावी, तसे झाले. हत्ती चुकीचा उचलला गेला, असे फिशरने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवले आहे.

फिशरचा घोडा लगेच पांढऱ्याच्या ऐन मुलखात येऊन उभा राहिला. बर्न यांनी वजिराने त्याला हटकले. घोड्याने मागे फिरायचे सोडून तेच राखण नसलेले प्यादे मारले. राजाने घोडा मारला. प्याद्यासाठी घोडा म्हणजे रुपयाच्या वस्तूला तीन रुपये देण्यासारखे. लगेच दुसरा घोडा शह देत आला, राजा मागे सरला, घोड्याने आणखी एक प्यादे खाल्ले आणि तिथे बसून वजीर व हत्ती या दोघांवर एकदम डोळा धरला. बर्न यांनी वजीर हलवला. आता काळा घोडा हत्तीला खाणार, हे शेंबडे पोरही सांगेल.

पुढे बर्न यांनी लिहिले आहे, की फिशरने हा मार्ग का धरला असेल याचा ते त्या वेळी विचार करीत बसले होते, कारण त्यात काळा हरतो हे त्यांना स्वच्छ दिसत होते. हिशेब बरोबरच होता. हत्ती घेतला असता, तर गेलेल्या दोन घोड्यांची भरपाई होण्याजोगी नव्हती.

फिशरने हत्ती घेतलाच नाही. घोड्याने त्याने राजाच्या पुढ्यातला उंट मारला.

हा उंट म्हणजे पांढऱ्या राजाच्या वाड्यातला देवडीवरचा पहारेकरी. उंट आयुष्यभर एकाच रंगाच्या घरांवरून चालतो. राजाभोवतीच्या पांढऱ्या घरांचा पहारा याच्याकडे होता. हत्तीची किंमत उंटापेक्षा जास्त, म्हणून साऱ्या जगाचे लक्ष हत्तीकडे. फिशरने किंमत पाहिली नाही, काम पाहिले. राजाने घोडा मारला, पण आता देवडी उघडी होती. लगेच फिशरने आपले ते एकटे प्यादे पुढे ढकलून दिले, मरण्यासाठीच. पांढऱ्याच्या घोड्याने ते खाल्ले आणि पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची तिरकी वाट मोकळी झाली. काळा उंट त्या वाटेवर येऊन उभा राहिला. शह! राजा एक घर बाजूला झाला.

आणि मग एकविसावी चाल. काळ्याचा वजीर एक घर पुढे सरकला. एकच घर. शह नाही, मारामारी नाही. मी वही पुन्हा पाहिली तेव्हा ध्यानात आले, की साऱ्या डावात त्या वजिराची ती पहिलीच चाल. वीस चाली तो आपल्या जागी गप्प बसून होता. तो उठून दाराशी आला मात्र, आणि बर्न यांनी डाव सोडला.

मौज पुढेच आहे. प्रेक्षकांसाठी वेगळ्या दालनात दोन ग्रँडमास्टर हा डाव समजावून सांगत होते. बर्न यांनीच लिहून ठेवले आहे, की त्यांनी डाव सोडला त्या क्षणापर्यंत हे दोघेही पांढरा जिंकतो आहे असे मानीत होते. म्हणजे आमच्या टेबलाशी मी जे विचारले, तेच तिथे जाणत्यांच्या मनात होते. हा हरलाय कुठं?

मग सोडला का?

वैतागून, असे एक उत्तर सुचते. माणसे वैतागून डाव सोडतात, नोकऱ्या सोडतात, लग्नाच्या पंगतीतूनही उठून जातात. दुसरे उत्तर, भिऊन. समोरचा सगळ्यांना हरवत सुटला आहे. त्याने एवढे मोहरे फेकले म्हणजे काहीतरी असणारच, असा धसका. भिऊन डाव सोडल्याचे फार प्रसिद्ध उदाहरण बुद्धिबळाच्या इतिहासात आहेच. १९०२ साली माँटे कार्लोच्या स्पर्धेत ऑस्ट्रियाचा गेऑर्ग मार्को हा मास्टर फॉन पोपिएलशी खेळत होता. मार्कोचा एक उंट अडकला होता. तो वाचत नाही असे वाटून मार्कोने डाव सोडला. खरे तर तोच उंट नेऊन शत्रूच्या राजाशेजारी ठेवला असता, तर एका चालीत मात होण्याची धमकी आणि वजिरावर हल्ला अशी दोन्ही कामे झाली असती. मार्को जिंकत होता! जिंकलेला डाव सोडून तो उठला, कारण आपले काय जाणार एवढेच त्याला दिसत होते.

बर्न यांचे तसे झाले का, हे पाहायला पटावरच गेले पाहिजे. काळा वजीर आता तिरका जाऊन राजाला शह देणार, हे उघड आहे. पांढऱ्याने स्वाभाविकपणे आपला वजीर राजाच्या मदतीला शेजारी आणून उभा करावा. काळा वजीर शह देतो, राजा आपल्या जुन्या घरी परततो. आता काळा हत्ती थेट शेवटच्या पट्टीवर शिरतो आणि शह देतो. त्याला मारावेच लागते, पांढरा हत्ती मारतो. मग काळ्याचा दुसरा उंट मधला घोडा मारतो, आणि पांढरा वजीर त्याच्या तिरक्या माऱ्यात असा सापडतो की मागे राजा, पुढे उंट. वजिराने उंट मारला तर राजाजवळचे घर सुटले, तिथे मात. नाही मारला तरी वजीर राजापुढून बाजूला होऊ शकत नाही, म्हणजे मात तीच.

दुसरा उपाय, धोक्यातला मधला घोडा दूर न्यावा. तर शह झाल्यावर तोच दुसरा उंट बाजूने येऊन वजिरावर रोख धरतो. वजिराने त्या उंटाला मारावे, तर राजाजवळचे घर पुन्हा सुटते आणि मात होते. वजीर निसटून दुसरीकडे जावा, तर उंट एक पाऊल आत येऊन राजाला धरतो. एकच वजीर, आणि त्याच्यावर पहारे दोन. कुठले तरी एक उघडे पडणारच. आजची संगणकी यंत्रे क्षणात लक्षावधी चाली तपासतात; तीही हा पट काळ्याचाच म्हणतात.

म्हणजे वैताग नव्हे आणि भीतीही नव्हे. दालनातल्या दोन ग्रँडमास्टरांना, जमलेल्या मंडळींना आणि साठ वर्षांनी आमच्या टेबलाशी मला जे दिसले नाही, ते पटाशी बसलेल्या दोघांना दिसले होते. त्यातला एक जिंकणारा होता. दुसरा हरणारा, आणि पाहण्यात तो जिंकणाऱ्याच्या बरोबरीचा होता. मार्कोने डाव सोडला तो न दिसल्यामुळे. बर्न यांनी सोडला तो दिसल्यामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच. माणूस हात पुढे करतो, घड्याळ थांबते आणि लोक कुजबुजतात.

पण फिशर खूष झाला का? नाही. १९६९ साली निघालेल्या त्याच्या साठ डावांच्या पुस्तकात त्याने या क्षणाबद्दल लिहिले आहे, की त्याची फार निराशा झाली. ते हत्तीचे बलिदान, तो अखेरचा उंट, सारे त्याला पटावर मांडायचे होते. स्वयंपाक करून ताट वाढावे आणि पाहुण्याने दारातूनच वासावरून स्वयंपाकाची तारीफ करून निघून जावे, तसे हे झाले. या डावाला स्पर्धेतल्या चमकदार खेळाचे बक्षीस मिळाले खरे, पण त्याचा सर्वांत देखणा भाग प्रत्यक्षात खेळलाच गेला नाही. तो फक्त टिपणांत आहे.

इथे मला दुसऱ्या एका बर्नची आठवण द्यायची आहे. रॉबर्ट यांचा धाकटा भाऊ डोनाल्ड हाही मोठा खेळाडू आणि तोही प्राध्यापकच. पेन्सिल्व्हानियात इंग्रजी शिकवीत असे. १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबात त्याची गाठ याच फिशरशी पडली. फिशर तेव्हा तेरा वर्षांचा पोरगा. त्या पोराने सतराव्या चालीला आपला वजीर मरू दिला आणि तरी जिंकला. हान्स कमोख या लेखकाने त्याला 'शतकातला डाव' म्हटले आणि ते नाव आजतागायत टिकले.

डोनाल्डला पराभव बराच आधी दिसला होता. तो डाव सोडू शकला असता. त्या दर्जाचे खेळाडू तसेच करतात. पण तो एकेचाळिसाव्या चालीपर्यंत, पुरती मात होईपर्यंत खेळत राहिला. पुढे त्याने सांगितले, की पोरगा इतका सुंदर खेळला होता की त्याचा मान म्हणून त्याला मात करू द्यावी असे मनात आले. बाकीच्या खेळाडूंना विचारले, तेही म्हणाले, काय हरकत आहे?

एका घरातले दोन भाऊ, समोर तोच प्रतिस्पर्धी, आणि हरण्याच्या तऱ्हा दोन. धाकट्याने थांबून मान दिला, थोरल्याने उठून. थोरल्याच्या वागण्यात जणू असे होते, की तुम्ही काय करणार ते मला समजले. करून दाखवण्याची गरज नाही. वीस वर्षांच्या मानी फिशरला हा मान त्या दिवशी पचला नाही. मला मात्र तो फार मोठा वाटतो. कारण थोरल्याच्या कानावर 'तुम्ही जिंकता आहात' असे म्हणणारे दालनभर लोक होते, निदान भिंतीपलीकडे तरी होते. एवढ्या लोकांना आपण जिंकतो आहोत असे वाटत असताना 'मी हरलो' म्हणणे किती अवघड असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटच्या वर्षाचा वर्ग, एक जुनी कविता. तिच्यात 'वाण' हा शब्द आला. मी त्याचा अर्थ 'रंग' असा सांगितला आणि त्यावर बरेच सुंदर विवेचनही केले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. दुष्काळी भागातून आलेला, एरवी तोंड न उघडणारा.

"मॅडम, आमच्याकडं पाण्याची वाण पडली म्हणतात. म्हणजे तोटा. इथं तसं असंल का?"

मी ओळ पुन्हा पाहिली. क्रियापद स्त्रीलिंगी होते. रंग या अर्थाचा वाण पुल्लिंगी, तुटवडा या अर्थाची वाण स्त्रीलिंगी. त्या एका प्रत्ययात सारे आले. मुलाचे बरोबर होते आणि माझे पंधरा मिनिटांचे विवेचन कोसळले होते. मला ते तिथल्या तिथे दिसले, वर्गाला दिसले नव्हते. त्या मुलालाही पुरते दिसले नव्हते. त्याच्या हाताशी त्याच्या गावची बोली होती, व्याकरण माझ्या हाताशी होते.

मी डाव सोडला नाही. जुन्या भाषेतले लिंगबदल काढले, छंदाची गरज काढली, दोनतीन कोशांची नावे घेतली. तास संपेपर्यंत बोलत राहिले. घंटा झाली तेव्हा साऱ्या वर्गाची खात्री पटली होती की मॅडम जिंकल्या. मुलगा खाली बसला तो वर्षअखेरपर्यंत पुन्हा उठला नाही. दुसऱ्या दिवशी सांगता आले असते. त्या आठवड्यात, त्या सत्रात सांगता आले असते. पुढच्या वर्षापासून मी 'वाण' म्हणजे 'तुटवडा' असे शिकवू लागले. पण तो अर्थ मला कोणी दाखवला, हे पुढच्या कुठल्याही वर्गाला सांगितले नाही.

बर्नसाहेबांचा पट पाहताना मला सारखा तो वर्ग दिसत होता. लोकांना पांढरा जिंकतो आहे असे वाटत होते तेव्हा एक प्राध्यापक उठला. लोकांना मी जिंकते आहे असे वाटत होते तेव्हा दुसरी प्राध्यापिका बोलत राहिली. दिसले दोघांनाही होते.

असो. चिरंजीवांच्या वहीत अखेर पंधरा ओळी झाल्या. शेवटची ओळ त्याने स्वतःच्या बुद्धीने लिहिली: 'त्याने डाव सोडला, कारण त्याला पुढचे दिसले.' मग तो म्हणाला, "आई, पण आपण ते खेळून बघू या ना. तू पांढरा घे."

फिशरच्या मनात राहून गेलेली खेळी अशी आमच्या जेवणाच्या टेबलावर झाली. मी वजीर मदतीला आणला. त्याने शह दिला, हत्ती आत फेकला, मी तो मारला. त्याने उंट टाकला, मी तोही मारला, आणि चौथ्या चालीला मात झाली. पोरगा टाळ्या पिटून हसला. मोहरी डबीत भरता भरता त्याने विचारले,

"आई, तू असतीस तर तुला सुचलं असतं का डाव सोडायचं?"

"दिसलं असतं कदाचित," मी म्हटले. "सोडला असता की नाही, ते सांगता येत नाही रे."